तिरडीची वाट अडविणारे धर्मरक्षक

वैर मरणाशीं संपतें, हें आपल्या वाडवडिलांनीं आपणांस लहानपणापासून सांगितलें आहे. रावण पडला तेव्हां रामानें बिभीषणाला भावाचे अंत्यसंस्कार करावयास सांगितलें, ही कथा कीर्तनांत ऐकली नाहीं असा शेतकरी सांपडणें कठीण. जो महाराजांच्या जिवावर उठून आला त्या अफझलखानाची कबरहि प्रतापगडाच्या पायथ्याशींच आहे. शत्रूचें मढें कोल्ह्याकुत्र्यांपुढें टाकलें गेलें नाहीं. इतकें दूर तरी कशाला जावयाचें? बांध कोरला म्हणून दहा दहा वर्षें कोर्टाचे उंबरे झिजविणारे भाऊबंद मयतीला एकत्र येतात, चितेवर लांकूड ठेवितात, आणि तेरावें झाल्यावर पुन्हां वकिलाकडे जातात. हा रिवाज कोणत्याहि सरकारनें घातलेला नाहीं. तो माणुसकीनें घातला आहे, आणि कुणब्या-कारागिरांच्या घरांनीं तो पिढ्यान् पिढ्या पाळला आहे.

हाच रिवाज मोडावयास निघालेले लोक निरनिराळ्या देशांत व निरनिराळ्या धर्मांत आढळतात. ते स्वतःला धर्माचे राखणदार म्हणवितात. जिवंत माणसाशीं वाद करून त्यांचें समाधान होत नाहीं, म्हणून ते त्याच्या मढ्यापाशीं येऊन उभे राहतात. कोणी फलक घेऊन उभा राहतो, कोणी स्मशानाची वाट अडवितो, कोणी "याला आमच्या भूमींत जागा नाहीं" म्हणून गांव गोळा करितो. या लोकांचा समाचार घ्यावयाचा आहेच; पण त्याहून जास्त विचार करावयाचा आहे तो बाकीच्या गांवाचा, म्हणजे तुमचा आमचा. कारण वाट अडविणारे थोडे असतात. ती अडूं द्यावयाची कीं नाहीं, हें भोंवतालीं उभे राहून पाहणारे ठरवितात.

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, हे लोक नेमकी मयतच कां निवडितात. लग्न अडविलें तर मुहूर्त पुढें ढकलतां येतो. सभा उधळली तर दुसऱ्या गांवीं भरवितां येते. मढें थांबत नाहीं. चैत्र-वैशाखांत सकाळचें मढें संध्याकाळपर्यंत घरांत ठेवणें काय असतें, हें ज्यानें भोगलें तोच जाणे. घरची बाई रडत असते, कर्ता मुलगा भांबावलेला असतो, म्हातारा भिंतीला टेकून बसलेला असतो. वाद घालावयाचें त्राण कोणाच्याहि अंगांत नसतें. शिवाय मेलेलें माणूस स्वतः चालत स्मशानांत जात नाहीं. त्याला चार खांदे लागतात, आणि ते दुसऱ्याकडून मागून आणावे लागतात. माणसाच्या घराला इतकें परावलंबी दुसऱ्या कोणत्याहि दिवशीं व्हावें लागत नाहीं. सावकार जसा नडीच्या वेळीं कागदावर अंगठा घेतो, तसा हा धर्मरक्षक मयतीच्या दिवशीं घराकडून शरणागति लिहून घेतो. आमची रीत कबूल करा, दंड भरा, पायां पडा, मग मढें उचलूं! तेव्हां हा वाद मेलेल्याशीं नसतोच. मेलेल्याला जाळलें काय नि पुरलें काय, त्याला कांहींच कळत नाहीं. डाव असतो तो मागें राहिलेल्यांवर.

आपल्या पुण्याला हा प्रकार नवा नाहीं. "सुधारक" पत्राचे संपादक गोपाळ गणेश आगरकर यांचीं मतें कर्मठांना सोसेनात, तेव्हां त्यांनीं आगरकर हयात असतांनाच त्यांची प्रेतयात्रा काढली. जित्या माणसाची तिरडी रस्त्यानें मिरविली. येथें तर मरणाची वाट पाहण्याइतकाहि धीर उरला नव्हता! आगरकरांनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. ता. १७ जून १८९५ रोजीं ते वारले तेव्हां त्यांनीं चाळिशीहि गांठली नव्हती. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनीं पुरचुंडींत बांधून ठेविले होते, असें सांगतात. ज्याची तिरडी लोकांनीं थट्टेनें बांधली, त्यानें आपल्या खऱ्या तिरडीचा भार कोणावर पडूं दिला नाहीं.

त्याच्या पांच वर्षें आधीं, ता. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं, जोतीराव फुले वारले. आपल्याला मिठांत घालून पुरावें अशी त्यांची इच्छा होती. परंतु राहत्या वस्तींत पुरण्यास नगरपालिकेची परवानगी मिळाली नाहीं, म्हणून दहन करावें लागलें. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हा जन्मानें एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. तो टिटवें धरणार म्हणतांच भाऊबंदांतून हरकत निघाली कीं, दत्तकाला हा मान नाहीं, तो रक्ताच्या वारसाचा. वाचकांनीं येथें नीट पाहावें. आडवे आले ते शनवार-सदाशिवांतले शास्त्री नव्हते, घरचेच होते. ज्यानें जन्मभर दुसऱ्यांच्या वाटा मोकळ्या केल्या, त्याची शेवटची वाट त्याच्याच नात्यानें अडविली. त्या वेळीं सावित्रीबाईंनीं काय केलें? त्यांनीं शास्त्रार्थ केला नाहीं, रडारड करून पंच बोलावले नाहींत. त्या पुढें झाल्या, टिटवें आपल्या हातीं घेतलें, यात्रेच्या पुढें चालल्या आणि नवऱ्याच्या चितेला अग्नि दिला. सन १८९० मध्यें, एका बाईनें! हरकत घेणाराची हरकत जागच्या जागीं राहिली आणि मयत पुढें गेली. आजच्या विषयावरचा मुख्य धडा त्या एका कृतींत आला आहे. अडविणाराला उत्तर म्हणजे चालूं लागणें.

हा रोग एकाच धर्माचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनीं १९६६ सालीं तोंडी तलाकाविरुद्ध सात बायकांचा मोर्चा मुंबईंत काढला, आणि १९७० सालीं पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. त्यांच्या समाजांतील कट्टर मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. ता. ३ मे १९७७ रोजीं ते वारले. कोणताहि धार्मिक विधि न करितां आपल्याला दहन करावें, असें त्यांनीं आधींच लिहून ठेविलें होतें, आणि त्याप्रमाणें मुंबईस चंदनवाडीच्या विद्युतदाहिनींत त्यांचें दहन झालें. ज्यानें आपल्या मरणाचा निर्णय जिवंतपणींच आपल्या हातीं घेतला, त्याला कबरस्तानाच्या जागेचा धाक कोण घालणार?

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर अलीकडच्या ऐका. छत्तीसगडांत, आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरच्या मुलखांत, छिंदवाडा नांवाचें एक गांव आहे. तेथील एक ख्रिस्ती धर्मोपदेशक ता. ७ जानेवारी २०२५ रोजीं वारले. त्यांचे वाडवडील त्याच गांवांत पुरलेले. पण या वेळीं गांवांतल्या लोकांनीं हरकत घेतली कीं, ख्रिस्त्याला गांवच्या जागेंत पुरूं देणार नाहीं, त्याच्या स्वतःच्या शेतांतहि नाहीं. मुलगा हायकोर्टांत गेला. दाद लागली नाहीं. सुप्रीम कोर्टांत गेला. तेथें ता. २७ जानेवारीस दोन न्यायाधीशांचीं दोन मतें पडलीं. एकांच्या मतें त्याला स्वतःच्या जमिनींत पुरूं द्यावें. दुसऱ्यांच्या मतें ख्रिस्ती लोकांसाठीं नेमलेल्या जागींच पुरावें. आणखी उशीर नको म्हणून अखेर वीसएक किलोमीटर दूर, करकापाल येथल्या दफनभूमींत पुरण्याचा हुकूम झाला. म्हणजे वीस दिवस बापाचें मढें शवागारांत, आणि मुलगा कोर्टाच्या पायऱ्यांवर! देशाच्या सर्वांत वरच्या न्यायासनापुढें प्रश्न काय, तर एका बापाला साडेतीन हात जमीन कोठें मिळावी हा. त्या वीस दिवसांत गांवांतल्या पंचवीस कर्त्या माणसांनीं एकत्र बसून "आपलाच माणूस आहे, आपल्याच मातींत जाऊं द्या" इतकें म्हटलें असतें, तर एकाहि वकिलाची गरज लागली नसती.

आणि महाराष्ट्रांत? २०२१ च्या ऑगस्टांत सोलापूर जिल्ह्यांत, माळशिरस तालुक्यांतील माळेवाडीस, मातंग समाजाच्या एका माणसाची मयत स्मशानाकडे नेण्याची वाट गांवांतल्या वरचढ लोकांनीं अडविल्याची तक्रार झाली. घरच्यांनीं अखेर ग्रामपंचायतीच्या कचेरीपुढें अंत्यसंस्कार केले. गुन्हा नोंदला गेला. तेथें देवाधर्माचें नांव पुढें नव्हतें, जातीचें होतें. पण वाट अडविण्याची रीत तीच.

आतां जरा परदेशाकडे पाहूं, कारण तेथें या गोष्टीचा मोठा अनुभव लोकांनीं घेतला आहे. अमेरिकेंत कॅन्सस प्रांतांत टोपेका नांवाचें शहर आहे. तेथें वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च नांवाचा, बहुतेक एकाच घराण्याचा, लहानसा पंथ आहे. फ्रेड फेल्प्स हा त्याचा मूळ पुरुष. पुरुषानें पुरुषावर व स्त्रीनें स्त्रीवर प्रेम करणें हें घोर पाप, आणि तें देश खपवून घेतो म्हणून देव त्या देशाचे सैनिक मारतो, अशी यांची शिकवण. १९९८ सालीं मॅथ्यू शेपर्ड नांवाच्या कॉलेजांतल्या पोराचा द्वेषापायीं क्रूर खून झाला. त्याच्या अंत्यविधीला हे लोक "हा नरकांत गेला" असे फलक घेऊन हजर झाले. पुढें इराकच्या लढाईंत मेलेल्या सैनिकांच्या मयतींना ते गांवोगांव जाऊं लागले.

अशा एका सैनिकाच्या बापानें दावा लावला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि ता. २ मार्च २०११ रोजीं आठ विरुद्ध एक अशा मतांनीं बाप हरला. कोर्टाचें म्हणणें असें कीं, हे लोक सार्वजनिक जागेवर, पोलिसांनीं दाखविलेल्या ठिकाणीं, चर्चपासून सुमारें १००० फूट दूर उभे होते; बोलणें कितीहि किळसवाणें असलें तरी सार्वजनिक प्रश्नावरचें बोलणें म्हणून त्याला घटनेचें संरक्षण आहे. पण तेथील कायदेमंडळानें दुसरा मार्ग काढला. २०१२ च्या कायद्यानें सैनिकांच्या अंत्यविधीच्या आधीं दोन तास व नंतर दोन तास, ३०० फुटांच्या आंत अशा निदर्शनांना मनाई झाली. बोला, पण लांब उभे राहून बोला. दुःखी माणसाच्या तोंडासमोर नको.

कायद्यापेक्षां तेथील साध्या लोकांनीं जें केलें तें मला अधिक मोलाचें वाटतें. शेपर्डच्या खुनाचा खटला १९९९ सालीं सुरू झाला तेव्हां हे लोक कोर्टाबाहेर फलक घेऊन आले. त्याच्या दोस्तांनीं पांढऱ्या कापडाचे मोठाले पंख करून अंगावर चढविले, आणि फलकांकडे पाठ करून ते ओळीनें उभे राहिले. पंखांच्या आड फलक दिसेनासे झाले. तोंडांतून शब्द नाहीं, हातांत दगड नाहीं. सैनिकांच्या मयतींसाठीं २००५ सालीं मोटारसायकलवाल्यांनीं एक संघटना काढली. मेलेल्याच्या घरानें बोलाविलें तरच ते जातात, झेंडे घेऊन दुतर्फा उभे राहतात, आणि पलीकडून शिव्याशाप सुरू झाले कीं गाड्यांचीं इंजिनें घरघरवितात. २०१४ च्या मार्चांत फेल्प्स स्वतः वारला. थोड्याच दिवसांनीं त्याचे लोक एका ठिकाणीं निदर्शनाला उभे राहिले, तेव्हां रस्त्यापलीकडे कांहीं तरुणांनीं फलक धरला. त्यावर लिहिलेल्याचा अर्थ एवढाच कीं, तुमच्यावर कोसळलेल्या दुःखाबद्दल आम्हांस वाईट वाटतें. ज्यांनीं दुसऱ्यांच्या मयती नासविल्या, त्यांनाहि मयतीचा रिवाज लागू केला! याहून मोठी चपराक कोणती असणार?

यांत युक्ति आहे ती ध्यानांत घ्या. मयत अडविणाराला भांडण पाहिजे असतें. तुम्ही दगड उचलला कीं त्याचें काम झालें. मग मयत बाजूला राहते आणि दंगल पुढें येते. तुम्ही भिऊन दारें लावून घेतलीं तरीहि त्याचें काम झालें. त्याला अडचण होते ती तिसऱ्याच गोष्टीची. लोक त्याच्याकडे पाठ करून मेलेल्याच्या घराकडे तोंड करितात, आणि मुकाट्यानें खांदा देतात, तेव्हां तो रस्त्यांत एकटा उरतो.

करोनाच्या सांथींत आपण हें डोळ्यांनीं पाहिलें. त्या वेळीं मढें अडविणारे धर्मापेक्षां भीतीनें पछाडलेले होते. मुंबईंत वांद्र्याच्या कबरस्तानांत करोनानें मेलेल्यांना पुरूं नये म्हणून कांहीं लोक हायकोर्टांत गेले, ता. २२ मे २०२० रोजीं कोर्टानें त्यांची मागणी फेटाळली आणि माणसाला मेल्यावर मानानें निरोप मिळणें हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असें सांगितलें. त्याच दिवसांत पुण्यांत, जेथें पोटचीं पोरें मढ्याजवळ जावयास भीत होतीं, तेथें मुसलमान तरुणांच्या पथकांनीं हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्वांच्या मयती ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणें पार पाडल्या. त्यांनीं मेलेल्याची जात विचारली नाहीं, आणि घरच्यांनींहि खांदा देणाराचा धर्म विचारला नाहीं. तें जर मरणाच्या भीतींत जमलें, तर एरवीं कां जमूं नये?

या बाबतींत तीन आक्षेप नेहमीं घेतले जातात.

पहिला असा कीं, ही धर्माची बाब आहे, धर्म बुडतो. धर्माच्या नांवानें बोलणाऱ्यांनीं पैठणच्या एकनाथांची गोष्ट आठवावी. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास दारावरून जाणाऱ्या अस्पृश्यांना आला, तेव्हां नाथांनीं तो स्वयंपाक आधीं त्यांना वाढला. गांवचे ब्राह्मण चिडले आणि त्यांनीं श्राद्धाला येणें नाकारलें. पुढें पितरच जेवावयास आले, असें भक्त सांगतात. पितर खरोखर आले कीं नाहीं हें ज्यानें त्यानें ठरवावें. पण मेलेल्यांच्या नांवानें जिवंतांवर बहिष्कार टाकणाऱ्यांना वारकऱ्यांच्या कथेनेंच तोंडघशीं पाडलें आहे, याविषयीं शंका नको.

दुसरा आक्षेप बोलण्याच्या मोकळिकीचा. आम्हांला विरोध दाखविण्याचा हक्क नाहीं कां? आहे, जरूर आहे. वेस्टबरोच्या लोकांना तेथील कोर्टानें तो दिला. पण ते हजार फुटांवर फलक धरून उभे होते. त्यांनीं शवपेटीला हात लावला नव्हता. आपल्याकडचे लोक वाटेंत उभे राहून मढेंच थांबवितात. बोलणें आणि वाट अडविणें या दोन गोष्टी एका तागडींत घालतां येत नाहींत. माझ्या शाळेंतल्या तिसरीच्या पोरालाहि कळतें कीं, "मला तुझी पाटी आवडत नाहीं" म्हणणें वेगळें, आणि त्याची पाटी फोडणें वेगळें.

तिसरा आक्षेप गांवच्या चालीचा. आमच्या गांवांत प्रत्येक जातीचें स्मशान पहिल्यापासून वेगळें आहे, तें कशाला मोडावयाचें? येथें मात्र शेतकरी बांधवांनीं रागावूं नये. मला थोडें घरच्यांनाच बोलावयाचें आहे. एक मयत उचलावयास काय काय लागतें तें मोजून पहा. तिरडीच्या बांबूला बुरडाचा हात, टिटव्याला कुंभाराचें चाक, अंगावरच्या कापडाला साळ्या-कोष्ट्याचा माग, कुऱ्हाडीला लोहाराची धार, लांकूड कुणब्याच्या बांधावरचें, क्षौराला न्हावी. आणि जुन्या काळीं मरणाचा सांगावा घेऊन उन्हातान्हांत, रात्रीबेरात्रीं गांवोगांव धांवणारा महार. ज्या मढ्याला अठरापगड जातींचे हात लागले, तें एका जातीचें कसें? पण ज्यानें सगळ्या गांवाच्या मरणाचा सांगावा पोंचविला, त्याच्या घरच्या मयतीला त्याच गांवानें वेशीबाहेरचा वेगळा कोपरा दाखविला. हें पाप एकट्या भटाच्या माथीं मारून आपल्याला मोकळें होतां येणार नाहीं. पोथी त्यांची असेल, पण वाटेंत काठी घेऊन उभे राहणारे बहुधा आपलेच होते.

आमच्या वाघोलीजवळच याचा एक दाखला आहे. नगर रस्त्यानें लोणीकंदला गेलें कीं तुळापूर जवळ येतें. तेथें ता. ११ मार्च १६८९ रोजीं औरंगजेबानें छत्रपति संभाजी महाराजांना हाल हाल करून मारलें. परंपरा सांगते कीं, बादशहाच्या धाकानें जेथें कोणी पुढें येईना, तेथें वढू गांवच्या साध्या लोकांनीं महाराजांच्या देहाला अग्नि दिला. तो मान कोणाचा, याविषयीं दोन परंपरा आहेत. एक गोविंद गोपाळ महार यांचें नांव सांगते, दुसरी शिवले घराण्याचें. यावरून ता. २९ डिसेंबर २०१७ रोजीं गोविंद गोपाळांच्या समाधीपाशीं मोडतोड झाली, आणि तीनच दिवसांनीं, १ जानेवारीस, कोरेगांव भीमाच्या परिसरांत दंगल उसळून एका तरुणाचा जीव गेला. वढूच्या दोन्ही बाजूंनीं पुढें थोड्याच दिवसांत एकत्र बसून समेट केला, हें गांवाला भूषण आहे. पण विचार करा. मान कोणाचा यावर दोन मतें असतील. काम काय केलें यावर दोन मतें नाहींत. दोन्ही परंपरा एकच सांगतात कीं, मढें अडविणारा दिल्लीचा बादशहा असला तरी या मातींतला गरीब माणूस त्याला न भितां पुढें झाला. त्या पुढें होण्याचा वारसा घ्यावयाचा सोडून सव्वातीनशें वर्षांनीं आपण मानासाठीं डोकीं फोडावींत?

कायदा आपल्या बाजूला आहे, हें घरोघर माहीत असावें. अंत्यविधीसाठीं जमलेल्या लोकांना जाणूनबुजून त्रास देणें किंवा स्मशानांत घुसून दुःखितांच्या भावना दुखविणें हा जुन्या दंडसंहितेच्या कलम २९७ प्रमाणें गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तो कलम ३०१ खालीं आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. अस्पृश्यतेच्या कारणानें स्मशान बंद करणें १९५५ च्या नागरी हक्क कायद्यानें गुन्हा आहे. आणि जातपंचायतीनें किंवा भावकीनें एखादें घर वाळींत टाकून त्याचें लग्न, मयत, स्मशान अडविलें, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो २०१७ पासून अमलांत आला, व त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण फौजदार तालुक्याहून येईपर्यंत मढें उन्हांतच असतें. पहिला तास गांवाचा असतो. त्या तासांत गांव कोणत्या बाजूला उभा राहतो यावर सगळें आहे.

म्हणून कांहीं गोष्टी आपण आजच ठरवून ठेवाव्या. डॉ. बाबा आढाव यांनीं १९७२ सालीं "एक गांव, एक पाणवठा" ही चळवळ सुरू केली. त्याच चालीवर प्रत्येक गांवानें एक गांव, एक स्मशान असा ठराव ग्रामसभेंत करावा, आणि जेथें पुरण्याची रीत आहे त्यांना त्याच आवारांत जागा राखून द्यावी. मयतीच्या वाटेंत कोणी आडवा आला तर वाद घालूं नये, उलट घोषणा देऊं नयेत. वडील माणसांनीं व बायकांनीं पुढें व्हावें आणि यात्रा चालती ठेवावी. एकानें मागें राहून पोलिसांना कळवावें व आडवे आलेल्यांचीं नांवें टिपून ठेवावीं. प्रत्येकानें आपल्या मरणाचें काय करावें हें जिवंतपणींच घरांत सांगावें, जमल्यास कागदावर लिहून सही करावी. म्हणजे रडणाऱ्या मुलाच्या डोक्यावर तो निर्णय पडत नाहीं.

वाघोलीकरांना आणखी एक सांगणें आहे. २०२१ सालीं आपलें गांव पुणें महानगरपालिकेंत गेलें. जेथें ज्वारी डोलत होती तेथें दहा दहा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. विदर्भांतले, मराठवाड्यांतले, बिहारचे, केरळचे लोक तेथें राहतात. त्यांच्यापैकीं कोणी वारला तर त्याची भावकी पांचशें कोसांवर असते. अशा घरीं खांद्याला माणूस मिळत नाहीं, आणि जेथें खांदा मिळत नाहीं तेथें अडविणाराचें फावतें. प्रत्येक आळींत दहा माणसें अशीं असावींत कीं, कोणाच्याहि घरीं मयत झाली, तो कोणत्याहि धर्माचा असो, तरी त्यांनीं न बोलावतां उठावें. याला देणगी लागत नाहीं कीं पुढारी लागत नाहीं. अर्धा दिवस व एक खांदा लागतो.

मरण प्रत्येकाच्या घरीं यावयाचें आहे, आणि त्या दिवशीं प्रत्येकाला दुसऱ्याचा खांदा मागावा लागणार आहे. तेव्हां पुढच्या मयतीला मेलेल्याचा धर्म विचारीत कोणी वाटेंत उभा दिसला, तर त्याच्याशीं बोलत बसूं नका. तिरडीला हात घाला आणि चला.

— एक शाळामास्तर, वाघोली